‘जॅझ मीट्स इंडिया’ (साबा, १९६७): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या एका रेकॉर्डबद्दल मला फोनवर, लग्नात, एकदा तर दंतवैद्याच्या खुर्चीतही तेच तेच प्रश्न विचारले गेले आहेत. दरवेळी पहिल्यापासून सुरुवात करण्यापेक्षा उत्तरं एकदाच लिहून ठेवतो. क्रम सोयीचा आहे, महत्त्वाचा नाही. फक्त विकत घ्यायची घाई असेल तर थेट छपाईच्या प्रश्नावर जा.

ही नेमकी कुठली रेकॉर्ड?

‘जॅझ मीट्स इंडिया’. पश्चिम जर्मनीतली साबा कंपनी, क्रमांक एसबी १५१४२, एल.पी. ऑक्टोबर १९६७मध्ये फिलिंगेन या गावी ध्वनिमुद्रित झाली. पहिली बाजू ‘सन लव्ह’ या एकाच लांबलचक रचनेने भरली आहे. दुसऱ्या बाजूला ‘याद’ आणि ‘ब्रिगाख अँड गँजेस’. वाजवणारे आठ जण: स्वित्झर्लंडची पियानोवादक इरेन श्वाइट्सर आणि तिचे दोन साथीदार, जर्मन ट्रंपेटवादक मानफ्रेड शोफ, फ्रेंच सॅक्सोफोनवादक बार्नी विलेन आणि लंडनहून आलेलं तीन भारतीयांचं त्रिकूट. सतार आणि गायन दीवान मोतीहार, तंबोरा कुसुम ठाकूर, तबला केशव साठे.

तुम्हाला ती सापडली कशी?

नोकरीच्या निमित्ताने काही वर्षं श्टुटगार्टला होतो. तिथे कार्ल्सप्लाट्सला शनिवारी जुना बाजार भरतो. चिनी मातीची भांडी, दिव्यांच्या काचा, कुणाच्या तरी आजीचे फर कोट. एका म्हाताऱ्याच्या टेबलाखाली केळ्यांच्या खोक्यात रेकॉर्ड होत्या. बहुतेक गावच्या बँडच्या आणि नाताळच्या गाण्यांच्या. बोटांनी एकेक पुढे ढकलत होतो, थंडीने बोटं बधिर झालेली. या कव्हरवर ‘इंडिया’ दिसलं तेव्हा फार काही वाटलं नाही. साठच्या दशकात सतार लावून विकलेल्या तबकड्या युरोपात पोत्याने सापडतात. सवयीने उलटी केली. मागे, वादकांच्या यादीत अगदी खाली: तबला, केशव साठे.

मी मोठ्याने म्हणालो, “साठे?”

म्हाताऱ्याला वाटलं किंमत विचारतोय. म्हणाला, “त्स्वोल्फ.” म्हणजे बारा.

१२ युरोला घेतली. घासाघीस करायचं सुचलंच नाही.

हे केशव साठे कोण?

मुंबईत जन्मलेले तबलावादक. १९५६मध्ये इंग्लंडला गेले आणि तिथलेच झाले. लंडनमध्ये पुढची दोन दशकं भारतीय आणि पाश्चात्त्य वादक जिथे जिथे एकत्र बसले, तिथे तबल्यावर बऱ्याचदा हेच असत. कलकत्त्याचे व्हायोलिनवादक आणि संगीतकार जॉन मेयर आणि जमैकात जन्मलेला सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांनी लंडनमध्ये ‘इंडो-जॅझ स्वीट’ केलं (१९६६), त्यात साठे होते. पुढे १९७२च्या ‘मॅजिक कार्पेट’ या सतार, गिटार आणि गायनाच्या गटातही होते.

आपल्याकडे अल्लारखाँ, झाकीर हुसेन ही नावं घराघरात पोहोचली आणि ते योग्यच झालं. पण साठ्यांसारखे लोक दुसऱ्या प्रकारचे. पडद्यावर नाव मोठं नाही, कव्हरवर शेवटून दुसरी ओळ. त्यांच्यापुढचं काम मात्र अवघड होतं. ज्याला ‘सम’ (आवर्तनाची पहिली मात्रा) हा शब्द माहीत नाही अशा माणसाबरोबर रात्री आठला उभं राहायचं आणि नऊपर्यंत कार्यक्रम कोसळू द्यायचा नाही. मैफलीत तबलजी मुख्य कलाकाराला सांभाळून घेतो. इथे कोण मुख्य, हेच ठरलेलं नसतं.

बाकीच्यांबद्दल थोडं सांगा.

इरेन श्वाइट्सर १९४१ची, शाफहाउझन गावची. ऱ्हाइन नदीच्या मोठ्या धबधब्याजवळचं गाव. रेकॉर्ड केली तेव्हा सव्वीस वर्षांची. त्या काळी युरोपातल्या मुक्त जॅझमध्ये (म्हणजे ठरलेला ताल आणि चौकट न मानणाऱ्या जॅझमध्ये) बायका जवळजवळ नव्हत्याच, आणि ही बाई गटाची प्रमुख म्हणून पियानोवर बसली होती. ती ड्रम्सही वाजवायची, आणि ते पियानोतही ऐकू येतं. तिच्या बोटांखाली पियानो बऱ्याचदा तालवाद्य होतो. पुढे ती युरोपातल्या सर्वांत मोठ्या पियानोवादकांपैकी एक झाली. २०२४च्या जुलैमध्ये गेली.

तिच्या त्रिकुटातला बासवाला उली ट्रेप्टे आणि ड्रमवाला मानी नॉयमायर यांनी १९६८मध्ये जॅझ सोडून रॉक बँड काढला. नाव ठेवलं ‘गुरु गुरु’. जर्मन प्रायोगिक रॉकच्या चाहत्यांमध्ये तो बँड मोठा आहे, आणि त्यामुळे ही रेकॉर्ड कधीकधी जॅझऐवजी रॉकच्या खणात सापडते. शोधताना तिथेही बघा.

मानफ्रेड शोफ माग्देबुर्गचा, जर्मन मुक्त जॅझच्या पहिल्या फळीतला. बार्नी विलेनच्या आडनावावर जाऊ नका, सॅक्सोफोनचा सूर लोण्यासारखा होता. १९५७मध्ये पॅरिसला माइल्स डेव्हिसने एका फ्रेंच चित्रपटाचं संगीत वाजवलं तेव्हा शेजारी हाच विशीतला पोरगा उभा होता. दहा वर्षांनी तो इथे साठ्यांच्या तबल्याशेजारी उभा आहे.

रेडिओ बनवणाऱ्या कारखान्याने जॅझच्या रेकॉर्ड का काढल्या?

हा मला सर्वांत आवडणारा प्रश्न, म्हणून उत्तर जरा लांब.

फिलिंगेन हे श्वार्त्सवाल्डच्या काठावरचं गाव. श्वार्त्सवाल्ड म्हणजे ब्लॅक फॉरेस्ट, ज्याच्या नावाचा केक आपण वाढदिवसाला कापतो. या भागाचा मूळ धंदा घड्याळांचा. साबा कंपनीची सुरुवातही १८३५मध्ये ट्रिबेर्गला घड्याळांपासून झाली. मग रेडिओ आले, टीव्ही आले, टेपरेकॉर्डर आले. मालक घराण्यातला हान्स गेओर्ग ब्रुनर-श्वेर याला आवाजाचं वेड होतं. साधं वेड नव्हे. त्याने स्वतःच्या घराच्या दिवाणखान्यात माइक लावले, पियानो ठेवला, मोजके पाहुणे बोलावले आणि ऑस्कर पीटरसनला वाजवायला बसवलं. अशी रेकॉर्डिंग १९६३ ते १९६८ चालली आणि त्यांच्या रेकॉर्ड आजही पियानोच्या नमुनेदार ध्वनिमुद्रणासाठी दाखवल्या जातात. कारखानदाराचा छंद म्हणजे घोडे किंवा क्रिकेटचा संघ असं आपण धरून चालतो. या गृहस्थाचा छंद म्हणजे माइक पियानोच्या किती आत न्यायचा.

ब्रुनर-श्वेरकडे कान आणि यंत्रं होती. कल्पना दुसऱ्याच्या, योआखिम-अर्न्स्ट बेरेंड्टच्या. हा रेडिओवरचा माणूस, जॅझवरचं त्याचं पुस्तक १९५३पासून जर्मनीत घरोघरी वाचलं गेलं. त्याने साबासाठी ‘जॅझ मीट्स द वर्ल्ड’ ही मालिका काढली. जॅझवाल्यांना जपानी कोतोबरोबर बसव, ट्युनिसच्या वादकांबरोबर बसव, इंडोनेशियाच्या गटाबरोबर, स्पेनच्या फ्लामेंकोबरोबर. भारताची पाळी १९६७मध्ये आली.

१९६८मध्ये साबाची सूत्रं जीटीई या अमेरिकन कंपनीकडे गेली. अमेरिकनांना टीव्हीत रस होता, तबकड्यांत नव्हता. ब्रुनर-श्वेरने मग रेकॉर्डचा धंदा वेगळा काढून एमपीएस नावाने चालवला. नावाचा अर्थ सरळ: श्वार्त्सवाल्डची संगीतनिर्मिती. जुन्या साबा रेकॉर्ड पुढे एमपीएसच्या नावाने पुन्हा छापल्या गेल्या. हे लक्षात ठेवा, छपाईच्या प्रश्नात कामाला येईल.

‘ब्रिगाख’ म्हणजे काय?

फिलिंगेनमधून वाहणारी छोटी नदी. थोडं खाली डोनाउएशिंगेनला ती ब्रेग नावाच्या दुसऱ्या नदीला मिळते आणि तिथून पुढे त्या पाण्याला डॅन्यूब म्हणतात. तरीही ‘ब्रिगाख आणि गंगा’ हे नाव म्हणजे आपल्याकडे कुणी रचनेला ‘मुठा आणि अॅमेझॉन’ म्हणावं तसं. नाव ठेवणाऱ्याने हसत ठेवलं असावं असं मी धरून चालतो. मी एकदा त्या नदीच्या पुलावर उभा राहून पाहिलं. पाणी गुडघाभर, दोन बदकं.

हे फ्युजन आहे का?

नाही. माझ्या मते ही रेकॉर्ड चांगली आहे ती त्यामुळेच.

फ्युजन म्हटलं की आपल्या कानात जे येतं ते असं: दोन्हीकडचे कोपरे घासून गुळगुळीत केलेले, खाली एक ठेका, वर सतारीचा शिडकावा. हॉटेलच्या लॉबीत चालेल असं. इथे दोन पंगती समोरासमोर बसल्या आहेत आणि कुणीच आपलं ताट सोडत नाही. कधी भारतीय त्रिकूट एकटं वाजतं, कधी युरोपीय पंचक, आणि मध्ये जिथे दोन्ही एकावर एक येतात तिथे सांधा दिसतो. मला तो दिसलेला आवडतो. गोधडीत चौकटीची आणि नऊवारीची चिंधी शेजारी लागते तेव्हा टाका लपवायचा कुणी प्रयत्न करत नाही.

आता अडचण कुठे होती ते सांगतो, म्हणजे ऐकताना मजा येईल. पियानोत एका सप्तकात बारा पट्ट्या, प्रत्येकीचा सूर कारखान्यातून ठरून आलेला. त्यावर मींड घेता येत नाही. दोन सुरांच्या मधली जागा पियानोला नाहीच. सतारीचं अर्धं बोलणं मात्र त्याच मधल्या जागेत. मग पियानोवाल्याने काय करायचं? सतारीची नक्कल करायला गेलात की हसं होतं, आणि वादी-संवादी (रागातले मुख्य स्वर) पाळायचे तर आधी शिकायला हवेत. श्वाइट्सर नक्कल करत नाही. ती आघातांनी उत्तर देते, म्हणजे सतारीशी बोलण्यापेक्षा तबल्याशी जास्त बोलते.

दुसरी गोष्ट. जुन्या जॅझमध्ये स्वरसंगती दर दोन-चार मात्रांनी बदलते, म्हणजे पायाखालची जमीन सतत सरकते. तंबोरा म्हणजे न सरकणारी जमीन. हे दोन्ही एका खोलीत बसणं १९५०मध्ये शक्य नव्हतं. १९५९च्या आसपास जॅझवाल्यांनी एकाच स्वरसमूहावर बराच वेळ थांबायला सुरुवात केली, त्याला मॉडल जॅझ म्हणतात. तेव्हा पहिल्यांदा तंबोऱ्याशेजारी बसायला जागा झाली.

आणि तिसरी, जी कधीच सुटत नाही: मुक्त जॅझला ताल मोडायचा असतो, तबल्याला आवर्तन पुरं करून समेवर यायचं असतं. नॉयमायर ड्रम्सवर उसळतो आणि साठे ठेका धरून राहतात, अशा वेळी कान डग्ग्याकडे लावा.

राग कोणता, ताल कोणता?

मला विचाराल तर त्या दारातून आत जाऊ नका. राग ओळखायला बसलात की पाचव्या मिनिटाला “अहो, हा वर्ज्य स्वर लागला” म्हणून उठाल. सॅक्सोफोनवाल्याने शुद्धतेची शपथ घेतलेली नाही.

माझी आत्या गांधर्वच्या परीक्षा दिलेली, तबल्याच्या. तिला पुण्यात घरी बसवून पहिली बाजू ऐकवली. डोळे मिटून बसली. सतार-तंबोरा चालू होते तोवर मान हलत होती. ट्रंपेट आला तशी एक भुवई वर गेली. पुढे सगळे एकदम सुटले तेव्हा डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, बोलली काही नाही, पण उजव्या हाताची बोटं मांडीवर मोजत होती. बाजू संपली.

“आत्या, कसं वाटलं?”

“तंबोरा छान लागलाय.”

“आणि बाकीचं?”

“बाकीचं काय चाललंय ते तुझं तू बघ. पण साठ्यांचा हात स्वच्छ आहे हो. एवढ्या गोंगाटात माणूस घाबरला नाही.” मग थोड्या वेळाने, चहा गाळता गाळता: “तो भाग परत लाव. सगळे भांडतात तो.”

इतकी चांगली आहे तर दुर्लक्षित का राहिली?

कारण तिला हक्काचा गिऱ्हाईकच नव्हता. १९६७ हे सतारीचं वर्ष. जूनमध्ये रविशंकर कॅलिफोर्नियात माँटेरीच्या महोत्सवात वाजवून आले, बीटल्सच्या रेकॉर्डवर सतार, तंबोरा, दिलरुबा, तबला. सतार म्हणून जो विकत घ्यायला आला त्याला ट्रंपेटच्या किंकाळ्या झेपल्या नाहीत. मुक्त जॅझच्या कट्टर लोकांना वाटलं ही पाहुण्यांसाठी लावलेली शोभेची वस्तू आहे. आणि भारतीय रागसंगीताचा श्रोता? त्याच्यापर्यंत ती पोचलीच नाही, पोचली असती तरी आत्याइतकी उदार माणसं थोडी. तिघांनीही ती दुसऱ्याची म्हणून खोक्यात परत ठेवली.

आणखी एक साधं कारण. श्वाइट्सर आणि शोफ दोघांनी पुढे इतकं मोठं काम केलं की टीकाकारांच्या लेखी हे ‘सुरुवातीचं काहीतरी’ होऊन बसलं.

बेरेंड्टवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. एक युरोपीय निर्माता जगभरच्या संगीतांची ताटं मांडतो, आणि नावातही ‘जॅझ’ आधी, ‘इंडिया’ नंतर. जॅझ भेटायला जातो, भारत भेटला जातो. हे खरं आहे. पण तबकडी लावल्यावर कोण कुणाकडे गेलंय हे कानाला इतकं सोपं ठरवता येत नाही.

पहिली छपाई कशी ओळखायची?

लेबल बघा. लेबलवर ‘साबा’ असेल तर जुनी, ‘एमपीएस’ असेल तर १९६८नंतरची. क्रमांकातले १५१४२ हे आकडे दोन्हींवर भेटू शकतात, त्यामुळे नुसत्या आकड्यावर विसंबू नका. विक्रेते बिनदिक्कत एकाचा फोटो लावून दुसरी पाठवतात. कव्हर आणि तबकडी वेगवेगळ्या प्रतींतून जुळवलेलीही मी पाहिली आहे.

म्हणून लेबलचा सरळ फोटो मागा, आणि शेवटच्या चरापासून लेबलपर्यंतच्या गुळगुळीत पट्ट्याचाही. त्या पट्ट्यावर आकडे कोरलेले असतात. ते दिसायला तबकडी खिडकीशी नेऊन तिरकी धरावी लागते, किंवा मोबाइलचा टॉर्च बाजूने मारायचा. समोरून मारलात तर नुसता उजेड परत येतो.

एमपीएसची प्रत मिळाली तर नाक मुरडू नका. माझ्याकडे दोन्ही आहेत आणि डोळे बांधून ओळखायला लावलं तर मी पैज घेणार नाही. फरक किमतीत आहे, आणि किमतीचा फरक कागदाचा आहे.

किंमत किती द्यावी?

आकडा सांगत नाही, महिन्याभरात खोटा ठरतो. डिस्कॉग्स या रेकॉर्डच्या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर आधी झालेल्या विक्रीची सर्वांत कमी, मधली आणि सर्वांत जास्त किंमत दिसते. मधलीकडे बघा. ‘दुर्मिळ’ या शब्दाला काही किंमत नाही.

‘व्हीजी प्लस’ वगैरे प्रकार काय आहे?

तबकडीच्या स्थितीचे दर्जे. वरून खाली: मिंट, निअर मिंट, व्हीजी (व्हेरी गुड) प्लस, व्हीजी, गुड. गंमत अशी की ‘गुड’ म्हणजे वाईट. या रेकॉर्डसाठी व्हीजी प्लसच्या खाली जाऊ नका, कारण तंबोरा आणि सतारीचे शांत भाग आहेत. तिथे चरचर आली की चुलीत ओली लाकडं घातल्यासारखं वाटतं. ट्रंपेटच्या गदारोळात तीच चरचर कळतही नाही. विक्रेत्याला विचारताना “स्क्रॅच आहे का” असं विचारू नका, तो ‘हलका’ म्हणेल. “नखाला लागतो का” असं विचारा.

युरोपातून मागवताना काय काळजी घ्यायची?

एकच वाक्य लिहून पाठवा: तबकडी कव्हरच्या बाहेर काढून, आतल्या कागदी पिशवीत, कव्हरच्या मागे ठेवून पाठवा. नाहीतर प्रवासात तबकडी कव्हरच्या आत आपटत राहते आणि वरची कड उसवते. माझी दुसरी प्रत अशीच आली. तबकडी ठणठणीत, कव्हरची वरची कड मात्र करंजी फुटावी तशी उघडलेली. विक्रेत्याला फोटो पाठवला तर म्हणाला टपालखात्याला विचारा, टपालखात्यात विचारलं तर म्हणाले विक्रेत्याला विचारा. शेवटी मीच आतून पातळ जपानी कागद आणि गव्हाची खळ लावून चिकटवली. सेलोटेप कधीही लावू नका. दहा वर्षांनी तो पिवळा पडतो आणि निघताना छपाई घेऊन निघतो.

सीमाशुल्क आणि टपालखर्च धरून हिशेब करा. दोन-तीन तबकड्या एकदम मागवल्या तर खर्च विभागतो. कुणी ओळखीचं जर्मनीहून येत असेल तर हातातल्या पिशवीतून आणवा, चेक-इनच्या बॅगेतून नको.

आमच्याकडे पावसाळ्यात बुरशी लागते. काय करू?

मुंबई-कोकणातला माणूस हे पहिलं विचारतो आणि त्याचं बरोबर आहे. जुलैत कव्हरवर पांढरे ठिपके, तबकडीवर जाळं. उभ्या ठेवा, एकमेकींवर रचून नको. भिंतीला टेकलेलं कपाट चार बोटं पुढे ओढा. बाहेरची प्लास्टिकची पिशवी घट्ट बंद करू नका, आत दमट हवा अडकते. सिलिका जेल चालेल. डांबराच्या गोळ्या नकोत, तो वास पुठ्ठ्यात मुरला की रेकॉर्ड लावताना ट्रंकेतल्या शालीची आठवण येत राहते.

धुवायला डिस्टिल्ड वॉटर, त्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ कापड, आणि पुसायचं ते चराच्या दिशेने गोल. लेबल भिजू देऊ नका. एक इशारा: हे फक्त व्हिनाइलसाठी. आजोबांच्या काळातल्या ७८च्या तबकड्या लाखेच्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. त्यांना अल्कोहोल लावलंत तर गाणं फडक्यावर येईल.

सूटकेससारख्या छोट्या प्लेअरवर चालेल?

वाजेल. पण त्यांची सुई बहुधा जड असते आणि डग्ग्याचा घुमारा त्यांच्या टिचभर स्पीकरमधून बाहेरच येत नाही. साठ्यांचा निम्मा हात गेला.

मोबाइलवर ऐकलं तर?

ऐका की. एमपीएसचा संग्रह २०१४पासून एडेल या जर्मन कंपनीकडे आहे आणि त्यातलं बरंच डिजिटल स्वरूपात मिळतं. आधी तिथे ऐकून पटलं तरच पैसे घाला. फक्त ‘सन लव्ह’ मध्येच कुठूनतरी सुरू करू नका. बाजूची सगळी चढण त्या हळूहळू येण्यात आहे.

हे आवडलं तर पुढे काय शोधू?

आधी म्हटलेलं ‘इंडो-जॅझ स्वीट’. त्यात मोतीहार आणि साठे दोघेही आहेत, पण मेयरने सगळं कागदावर लिहून बांधलंय, त्यामुळे शिस्त जास्त, पडझड कमी. तिथे मोतीहारांचं नाव ‘दिवान मोथर’ असं छापलंय. तंबोऱ्यावर ‘चंद्रहास पैगांका’. गोव्याच्या माणसाला सांगायला नको, हे पैंगणकर, शेवटचा ‘र’ लंडनच्या छापखान्यात गळला आहे. शोधताना अशी सगळी स्पेलिंग करून बघा.

मग ‘हम दोनो’, १९६९, ब्रिटनची कोलंबिया कंपनी, क्रमांक एससीएक्स ६३५४. देव आनंदचा संबंध नाही. जो हॅरियट आणि गिटारवादक अमान्सियो डिसिल्वा. डिसिल्वा मुंबईत जन्मलेला गोवेकर कुटुंबातला, १९६७च्या सुमारास लंडनला गेला. या तबकडीवर ‘बॅलड फॉर गोवा’ नावाची रचना आहे, नॉर्मा विन्स्टनचा शब्दांविना गाणारा आवाज आहे, ट्रंपेटच्या कुळातल्या वाद्यांवर इयन कार आहे. हॅरियट १९७३मध्ये गेला. डिसिल्वाची ‘कोकण डान्स’ ही रेकॉर्ड तर सत्तरच्या दशकात करून ठेवलेली, बाजारात आली २००६मध्ये. ‘जॅझ मीट्स इंडिया’पेक्षा ‘हम दोनो’ जास्त गोड आहे. मी कमी वेळा लावतो, पण पाहुणे आले की तीच लावतो.

या कोलंबिया कंपनीची प्रत हाताशी आली तर लेबलच्या उजवीकडे, गुळगुळीत पट्ट्यावर एखाद-दोन इंग्रजी अक्षरं दिसतील. कोलंबियाची मालक कंपनी ईएमआय, तिची ती सांकेतिक खूण आहे. ‘ग्रामोफ-लिमिटेड’ अशी जी-आर-ए-एम-ओ-पी-एच-एल-टी-डी ही दहा अक्षरं म्हणजे १ ते ९ आणि शून्य. ‘जी’ असेल तर पहिल्या ठशातून निघालेली, ‘आर-ए’ असेल तर तेविसाव्या. मला ही गोष्ट कळली त्या रात्री घरातल्या सगळ्या एच.एम.व्ही. आणि कोलंबिया काढून टॉर्चखाली धरल्या होत्या. बायको दोनदा येऊन बघून गेली.

भारतात तेव्हा असं कुणी ऐकत होतं का?

मुंबईत जॅझ तीसच्या दशकापासून होता. ताजमध्ये बँड वाजत, आणि गोव्याचे वादक रात्री हॉटेलात जॅझ आणि सकाळी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात बसत. पण असं समोरासमोर बसवलेलं ऐकायला बराच काळ गेला. १९७८मध्ये निरंजन झवेरींच्या पुढाकाराने मुंबईत पहिली जॅझ यात्रा भरली, तिथून ते सवयीचं झालं.

आमच्या घरी काकांची रेकॉर्डची पेटी पडून आहे. त्यात असं काही असू शकेल?

असू शकेल. परदेशी गेलेले काका, बोटीवरचे मामा, वकिलातीत नोकरी केलेल्या मावश्या यांच्या पेट्यांत काहीही निघतं. पेटी उघडण्याआधी खिडकी उघडा. पुढचं चित्र बघत बसू नका, प्रत्येक कव्हर उलटं करा आणि यादी खालून वर वाचा. पुढच्या बाजूचं मोठं नाव बहुधा तुम्हाला माहीत असतं. तबला, तंबोरा, घटम, सूरपेटी अशी वाद्यं कुठे लिहिलीत ते बघा आणि त्यांच्यापुढची नावं मोठ्याने म्हणून पाहा. परदेशी स्पेलिंगमध्ये डोळ्याला न कळलेला पैंगणकर कानाला कळतो. आणि कव्हर रिकामं निघालं तर टाकू नका. तबकडी बहुतेक दुसऱ्याच कुणाच्या कव्हरात असते, आमच्याकडे बालगंधर्वांच्या कव्हरातून हवाईयन गिटार निघाली होती.